रिपोर्ट मुलीचा, आजार मुलाचा

वडोदऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.

"आम्ही दांडिया बाजारात राहतो, तीन पिढ्या इथेच. माझं माहेर ग्वाल्हेरचं. धाकटा मुलगा तेवीस वर्षांचा, एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.कॉम. करतो. दीडेक वर्षापूर्वी त्याच्या पोटात उजवीकडे खाली दुखायला लागलं. जुलाब, बारीक ताप, अन्न नकोसं. वजन अकरा किलोनं उतरलं. आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या, पण गुण आला नाही. पुन्हा कोलोनोस्कोपी केली तेव्हा क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येऊन व्रण होण्याचा आजार, असं निदान झालं. आता स्टिरॉइड चालू आहे. डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनच्या गोळ्या सुरू करू म्हणतात, पुढे लागली तर इंजेक्शनं. मधल्या काळात पुण्याच्या पुतण्यानं थुंकीवरून जनुकं तपासायचं किट मागवून माझ्या मुलीची तपासणी केली, कारण तिचं लग्न ठरलंय. रिपोर्टात 'नॉड-२ जनुक, एका प्रतीत बदल, क्रोन्सचा धोका वाढलेला' असं आलं. तो रिपोर्ट त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरचं. माझ्या वडिलांचं फार पूर्वी ग्वाल्हेरला आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलीला हा आजार होणार का? तिच्या सासरी सांगायचं का? मी आणि यजमानांनीही तपासणी करून घ्यावी का? मुलगा सिगरेट ओढतो असा मला संशय आहे, पण आजारी पोराला काय बोलू? आणि जनुकातच दोष असेल तर औषधांचा उपयोग तो काय?"

ताई,

तुमच्या मुलीला कुठलाही आजार नाही. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण हे वाक्य आजच घरात सगळ्यांना वाचून दाखवा. रिपोर्टात लिहिलंय ते शक्यतेबद्दल, आणि ती शक्यताही बहुतेक करून युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासांवरून मांडलेली आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. आजारी आहे मुलगा आणि जनुकाची तपासणी झाली मुलीची. मुलाच्या जनुकात तो बदल आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. सख्ख्या भावंडांत असा बदल दोघांकडे असण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणजे तुमच्या घरात आज हातात आहे ती माहिती अशी: नॉड-२ मध्ये बदल असलेली मुलगी ठणठणीत आहे, आणि ज्याला क्रोन्स आहे त्याच्याबद्दल काहीच कळलेलं नाही. एवढ्यावरून तुम्ही दोन्ही मुलांचं भविष्य वाचायला बसलात, याचं मला फार वाईट वाटलं.

हे नॉड-२ काय आहे ते सांगते, कारण नाव कळतं आणि काम कळत नाही तेव्हाच भीती जास्त वाटते.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक आपल्या उपयोगाचे, पण त्यांनी आपली पायरी सोडून अस्तराच्या आत शिरायचं नाही. हे शिरणं ओळखण्यासाठी शरीराकडे बरेच रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिनं, असतात. त्यातले काही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. नॉड-२ जनुकावरून बनणारा, त्याच नावाचा रिसेप्टर मात्र पेशीच्या आत, पेशीद्रवात असतो. जिवाणूच्या भिंतीचा एक बारीक तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, पेशीत पोचला की हा रिसेप्टर जागा होतो आणि पुढे निरोप धाडतो. मग जंतू मारणारी प्रथिनं तयार होतात, आत शिरलेला जिवाणू वेढून पचवून टाकण्याची यंत्रणा चालू होते, थोडी सूज येते आणि ओसरते. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पॅनेथ नावाच्या पेशी असतात, जंतुनाशक प्रथिनं बनवणाऱ्या. त्यांच्यात नॉड-२ भरपूर असतो. क्रोन्सचं आवडतं ठिकाणही नेमकं तेच, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूचं, तुमचा मुलगा जिथे हात ठेवून दाखवतो ते.

क्रोन्समध्ये नॉड-२ चे जे तीन बदल सर्वांत जास्त अभ्यासले गेले, ते या रिसेप्टरच्या ओळख पटवणाऱ्या भागात किंवा त्याच्या लगत आहेत. एका बदलात तर प्रथिनाचं टोकच अपुरं राहतं. परिणाम असा की जिवाणूचा तुकडा आला तरी रिसेप्टरला तो नीट कळत नाही. इथे तुम्ही म्हणाल, मग सूज कमी व्हायला हवी, वाढते कशी? संशोधकांनाही हाच प्रश्न पडला होता. दूध तापायला ठेवलंय आणि लक्ष असलं की साय फुगायला लागताच आपण गॅस बारीक करतो. लक्ष नसलं की दूध उतू जातं, आणि मग ओटा, शेगडी, फरशी सगळं पुसत बसावं लागतं. नॉड-२ मंद असला की सुरुवातीचा छोटा, वेळेवरचा प्रतिकार चुकतो. जिवाणू आत साचतात, आणि मग प्रतिकारशक्तीची बाकीची फौज उशिरा पण नको तेवढ्या जोरानं उतरते. तो दाह शमत नाही, व्रण होतात, आतडं जाड आणि अरुंद होतं. नॉड-२ चे बदल असलेल्या रुग्णांत लहान आतड्यातला आजार आणि असं आतडं आवळत जाणं जास्त दिसतं, हे पुष्कळ अभ्यासांत आलेलं आहे.

हा शोध तसा अलीकडचा. आजाराचं वर्णन बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधून १९३२ साली केलं. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर ह्यूगो यांच्या गटानं १९९६ मध्ये सोळाव्या गुणसूत्राकडे बोट दाखवलं. २००१ मध्ये त्यांचा गट आणि अमेरिकेतला एक गट, दोघांनी एकाच वेळी नॉड-२ हे नाव पुढे आणलं. क्रोन्सशी निश्चितपणे जोडलं गेलेलं हे पहिलं जनुक. म्हणूनच त्याचा एवढा बोलबाला झाला आणि म्हणूनच प्रत्येक किटवाल्याच्या यादीत ते असतंच.

आता रिपोर्टातल्या 'धोका वाढलेला' या शब्दांकडे येऊ. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत बदल असला तर युरोपीय लोकांत धोका साधारण दुप्पट ते चौपट होतो. दोन्ही प्रतींत बदल असला तर तो पंधरा-वीस पटींच्या घरात जातो, क्वचित त्याहून वर. 'चौपट' ऐकलं की छातीत धस्स होतं, पण कशाच्या चौपट? हा आजार जिथे सर्वांत जास्त आढळतो त्या देशांतसुद्धा हजारात तीनेक लोकांना असतो. त्याचे चौपट धरले तरी हजारातले बारा, म्हणजे उरलेल्या ९८८ लोकांना तो बदल असूनही हा आजार नसतो. दोन्ही प्रतींत बदल असलेल्यांपैकीही बहुतेकांना क्रोन्स होत नाही. उलट बाजूनं पाहिलं, तर युरोपीय वंशाच्या क्रोन्स रुग्णांतल्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांकडे या तीनपैकी एकही बदल नसतो.

आपल्याकडचं चित्र तर आणखी वेगळं. जपान, कोरिया आणि चीनमधल्या रुग्णांत हे तीन बदल जवळजवळ सापडतच नाहीत. भारतीय रुग्णांतही ते फारच विरळ आहेत. तरी भारतात क्रोन्सचे रुग्ण गेल्या दोन-तीन दशकांत स्पष्टपणे वाढले आहेत. दोन-तीन दशकांत लोकांची जनुकं बदलत नाहीत, ताई. राहणी बदलते, खाणं बदलतं, लहानपणी दिलेली अँटिबायोटिक्स वाढतात. हा मुद्दा मला आकडेवारीपेक्षाही मोठा वाटतो. आज या आजाराशी जोडलेली जनुकीय ठिकाणं दोनशेहून जास्त आहेत, प्रत्येकाचा वाटा छोटा, आणि सगळी मिळूनही आजाराचा एक भागच उलगडतो. जुळ्या भावंडांचे अभ्यास झालेत. जनुकं अगदी सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला क्रोन्स झाला, तरी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसऱ्याला तो झालेला नव्हता.

भावाला आजार आहे म्हणून तुमच्या मुलीचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, हे मी झाकणार नाही. पण ते तुम्हाला किट न मागवताही माहीत होतं, आणि तिच्यासाठी तीच माहिती त्या रिपोर्टापेक्षा जास्त वजनाची आहे. तरीही ज्यांच्या सख्ख्या भावंडाला क्रोन्स आहे अशा शंभर जणांतल्या नव्वदहून अधिक लोकांना तो कधीच होत नाही. तिनं आत्ता कोलोनोस्कोपी करायची गरज नाही. दर वर्षी तपासण्या करत बसायची गरज नाही. चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेले जुलाब, शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा होणारं गळू, औषध घेऊनही न सुधारणारा अॅनिमिया, यातलं काही दिसलं तर डॉक्टरकडे जावं आणि भावाचा आजार पहिल्याच वाक्यात सांगावा. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. आतड्यात दाह आहे का, याचा अंदाज तिच्यावरून येतो आणि पुष्कळदा दुर्बीण टळते. इतकंच.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मुलीच्या एका प्रतीत बदल आहे. तो कुणाकडून आला हे त्या रिपोर्टावरून कळूच शकत नाही. तो ग्वाल्हेरहून आला असेल तसाच दांडिया बाजारातल्या तुमच्या सासरच्या घरातूनही आला असेल. तुमच्या वडिलांचं म्हणाल, तर त्या काळी आपल्याकडे आतड्याला अडथळा येऊन ऑपरेशन झालं की बऱ्याचदा मागे टीबी असायचा. माहेरी जुने कागद, बायोप्सीचा रिपोर्ट सापडला तर तो मुलाच्या डॉक्टरांना दाखवा, उपयोग होईल. नाही सापडला तर विषय सोडून द्या. आणि सासूबाईंना हे तुमच्या यजमानांनी सांगायला हवं, तुम्ही नाही. आजारी मुलाची शुश्रूषा करणाऱ्या बाईनं वर स्वतःच्या माहेराची वकिली करत बसावं, हे मला मुळीच पटत नाही.

पुतण्यानं प्रेमापोटीच केलं असेल, पण ग्रुपवर रिपोर्ट टाकणं चुकीचं होतं आणि ते त्याला स्पष्ट सांगा. तो रिपोर्ट मुलीचा आहे. तिला विचारून तिनंच कुणाला दाखवायचा तो दाखवावा. ग्रुपवरून तो काढायला लावा आणि ज्यांनी उतरवून घेतला असेल त्यांनाही सांगा.

तिच्या सासरी काय सांगायचं, यात मी दोन गोष्टी वेगळ्या करते. भावाचा आजार लपवू नका. लग्नाच्या गडबडीत तो कधी ना कधी दिसणारच, मंडपात पोरगा जेवत का नाही असं कुणीतरी विचारणारच, आणि लपवलेलं कळलं की माणसं उगाच मोठं काहीतरी समजतात. हा आजार संसर्गजन्य नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यावर उपचार आहेत, एवढं साधेपणानं सांगा. जनुकाच्या रिपोर्टाबद्दल मात्र पत्रिकेबरोबर पाठवायचा कागद असल्यासारखं वागू नका. तो सांगायचा की नाही हे मुलीनं ठरवावं, होणाऱ्या नवऱ्याशी बोलून. तिनं सांगितलंच, तर वरचे आकडे तिच्या हाताशी असू द्यात. तिच्या मुलांना तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी आहे हे खरं, पण मिळाला म्हणून काय होतं ते आत्ताच आपण पाहिलं. एका जनुकाच्या एका प्रतीवरून मुलीचं लग्न मोडायला निघालेल्या घरी ती न गेलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे.

थोडं विषयांतर करते. हेच नॉड-२ जनुक इतर आजारांतही पुढे आलं आहे. २००९ मध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांच्या अभ्यासात त्याचे काही बदल कुष्ठरोगाशी जोडलेले आढळले. याच जनुकाच्या दुसऱ्या भागात बदल झाला तर रिसेप्टर मंद होण्याऐवजी उगाचच चालू राहतो आणि अगदी लहान मुलांत सांधे, त्वचा आणि डोळे सुजवणारा ब्लाउ सिंड्रोम होतो; तो दुर्मीळ आहे. एकाच रिसेप्टरचे बदल जागेनुसार इतकं वेगवेगळं वागतात. म्हणून 'नॉड-२ सदोष' एवढ्या दोन शब्दांत कुणी निष्कर्ष काढला, तर पुढचं ऐकून घेण्याची गरज नाही.

आता मुलाकडे वळू, कारण खरं लक्ष तिथे हवं.

टीबीच्या गोळ्यांत सहा महिने फुकट गेले, हा राग तुमच्या पत्रात जागोजागी आहे. अर्धा राग मी समजू शकते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही त्याच जागी होतात, दुर्बिणीतून सारखे दिसतात, बायोप्सीतही कित्येकदा नक्की कळत नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे की शंका असताना आधी टीबीचे उपचार करणं चूक म्हणता येणार नाही. कारण क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि निघाला टीबी, तर जिवावर बेतू शकतं. पण गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरतायत का हे बघायला हवं होतं. टीबी असेल तर तोवर बहुधा ते भरून येतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत ती तपासणी थेट शेवटी झाली असं दिसतं. तो काळ गेला. पण टीबीचा पूर्ण कोर्स झाला आहे ही नोंद जपून ठेवा. पुढे इंजेक्शनं ठरली तर ती पहिल्यांदा लागेल.

स्टिरॉइड हे आग विझवायचं औषध, कायम घेत राहायचं नाही. तीन-चार महिन्यांच्या वर त्यावर राहिलात तर हाडं, साखर, डोळे सगळ्यांवर परिणाम होतो. पण ते मनानं एका दिवसात बंदही करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं. कुणी नातेवाईक म्हणेल 'चेहरा सुजलाय, सोडून दे,' तर ऐकू नका.

अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी मात्र एक जनुक तपासून घ्यावं असं मी म्हणेन, आणि ते नॉड-२ नाही. त्याचं नाव एनयूडीटी-१५. अझाथायोप्रिनचे विषारी घटक निकामी करणारं एन्झाइम या जनुकावरून बनतं. त्यात एक विशिष्ट बदल असला तर नेहमीच्या डोसनंही पांढऱ्या पेशी झपाट्यानं खाली येतात, केस गळतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो. कोरियातल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून २०१४ मध्ये हे समोर आलं. युरोपात हा बदल क्वचितच दिसतो, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत बरीच वर्षं फक्त टीपीएमटी या दुसऱ्या जनुकाचं नाव असायचं. आशियात, भारतातही, एनयूडीटी-१५ चा बदल बऱ्यापैकी आढळतो. घरात जनुकाच्या तपासणीवर पैसे खर्च व्हायचेच होते तर ते इथे व्हायला हवे होते: आजारी माणसाची तपासणी, आणि उत्तर येताच गोळीचा डोस बदलेल अशी. डॉक्टरांना विचारा. बदल एका प्रतीत असेल तर ते कमी डोसनं सुरुवात करतील; दोन्ही प्रतींत असेल तर सहसा दुसरं औषध निवडतील. तपासणी चांगली आली तरी सुरुवातीचे दोन-तीन महिने रक्ताची मोजणी दर एक-दोन आठवड्यांनी चुकवायची नाही. मूठ-मूठ केस गळायला लागले किंवा ताप आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला: दोष जनुकातच असेल तर औषध काय करणार? औषध जनुक बदलत नाही. जनुकापासून सुरू झालेला निरोप जिथून जातो, त्या वाटेवर कुठेतरी ते आडवं येतं. टीएनएफ नावाचा निरोप्या दाह भडकवतो. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडॅलिमुमॅब त्याला पकडतात. इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नसलेल्या कित्येकांचं आयुष्य बदललं. पण हाच टीएनएफ शरीरात दबून असलेल्या टीबीला कोंडून ठेवतो, म्हणून ही इंजेक्शनं देण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची त्वचेची किंवा रक्ताची तपासणी आणि हिपॅटायटिस बी बघावाच लागतो.

दुसरी वाट एका वेगळ्या रिसेप्टरची, आणि ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आयएल-२३ हा दाह वाढवणारा आणखी एक निरोप्या. २००६ मध्ये संशोधकांना त्याच्या रिसेप्टरच्या जनुकात असा एक बदल सापडला की तो असलेल्यांना क्रोन्स कमी होतो, इतरांच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे जनुकातला प्रत्येक बदल वैरी नसतो. निसर्गानं काही माणसांत ही वाट जन्मतःच थोडी अरुंद करून ठेवली होती, आणि ती माणसं इतर बाबतीत चांगली जगत होती. मग औषधानं तीच वाट अडवता येईल, या विचाराला बळ आलं. आयएल-२३ ला अडवणारं उस्टेकिनुमॅब २०१६ मध्ये क्रोन्ससाठी मान्य झालं, आणि फक्त आयएल-२३ वरच काम करणारं रिसांकिझुमॅब २०२२ मध्ये. जनुकांच्या अभ्यासाचं फळ तुमच्या मुलापर्यंत पोचतं ते अशा औषधांतून. सासूबाईंना हे ऐकवा, त्यांच्या मनातलं 'रक्तातला दोष' हे प्रकरण जरा सैल होईल.

इंजेक्शनांचा खर्च मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. मूळ औषधांसारखीच, पण स्वस्त अशी जैवसमरूप औषधं आता मिळतात. अडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं जैवसमरूप २०१४ मध्ये तुमच्याच राज्यातल्या, अहमदाबादच्या झायडसनं बाजारात आणलं. डॉक्टरांना 'बायोसिमिलर चालेल का' असं मोकळेपणानं विचारा, यात संकोच कसला. आणि यातलं काहीही सुरू होण्याआधी लसींची चौकशी करा: हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लू. जिवंत जंतूंच्या लसी ही औषधं चालू असताना चालत नाहीत, त्या आधीच द्याव्या लागतात.

आणि सिगरेट. इथे मी तुमच्याशी थोडी कडक बोलणार आहे. आजारी पोराला काय बोलू, असं तुम्ही लिहिलंत. बोला. आजच बोला. क्रोन्समध्ये धूम्रपान करणाऱ्यांचा आजार जास्त वेळा उफाळतो, औषधं कमी लागू पडतात, ऑपरेशनची वेळ जास्त येते, आणि ऑपरेशननंतर आजार लवकर परततो. हे इतक्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलेलं आहे की त्यात वादाला जागा नाही. तुम्ही सगळे नॉड-२ वर रडताय. ते कुणाच्याच हातात नाही, आणि त्या पोराकडे ते आहे की नाही हेही माहीत नाही. सिगरेट मात्र त्याच्या बोटांत आहे. रागावून किंवा शपथा घालून सांगू नका. पुढच्या तपासणीला त्याला एकट्याला डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. आईसमोर तो कबूल करणार नाही. सोडण्यासाठी निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम, समुपदेशन सगळं मिळतं. अंगदुखी-डोकेदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय असेल तर तीही बंद. त्यांनी आजार भडकू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वडोदऱ्याच्या घरात तो प्रश्न असणारच. कोलोनोस्कोपीत आतडं अरुंद झाल्याचं लिहिलं असेल तर चोथ्याचे पदार्थ, साली, बिया, पेरू, अख्खे दाणे जपून. सेव उसळ आणि उतराणीचा उंधियू सध्या नको. दाह ओसरल्यावर डॉक्टरांना विचारून थोडा थोडा सुरू करता येईल. अरुंदपणा नसेल तर एवढी बंधनं घालायचं कारण नाही, त्याला सोसेल ते घरचं ताजं अन्न खाऊ द्या. वजन घटलेल्या पोराला महिनोन्महिने वरणाचं पाणी आणि मऊ भातावर ठेवणं चुकीचं आहे. त्याला प्रथिनं हवीत: अंडी, मासे खात असाल तर मासे, मुगाचं धिरडं, दूध सोसत नसेल तर दही. ब-१२, ड जीवनसत्त्व आणि लोह तपासून घ्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की ब-१२ शोषलं जात नाही आणि मुलं मरगळलेली दिसतात. आपण त्याला 'मनाला लावून घेतलंय' म्हणतो.

तुम्ही दोघांनी किट मागवावं का? नको. तुमच्यापैकी कुणाकडे तो बदल आहे हे कळलं, तर मुलाच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही, मुलीच्याही. फरक पडेल तो फक्त सासूबाईंच्या पुढच्या वाक्यात. मागवलं असेल तर परत पाठवा, आणि ते पैसे मुलाच्या एनयूडीटी-१५ च्या तपासणीला ठेवा. पुढच्या भेटीला जाताना दोन्ही कोलोनोस्कोपींचे रिपोर्ट, बायोप्सीचे कागद, टीबीच्या गोळ्यांच्या तारखा आणि आत्ताच्या स्टिरॉइडचा डोस एकाच फायलीत लावून न्या. अझाथायोप्रिन सुरू झालं की पहिल्या रक्ततपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या.